जमा दिसलेला चेक परत फिरला तर: आधी खातं सावरा, मग माणूस गाठा

चवथीला आठ दिवस उरले होते. मांडव, लायटिंग, जनरेटर असा गोव्यात फोंड्याला माझा छोटा धंदा आहे आणि वर्षातली निम्मी धावपळ त्याच दिवसांत होते. किनाऱ्याकडच्या एका गेस्ट हाऊसने लग्नाच्या मांडवाचे ४८,००० रुपये चेकने दिले. बुधवारी सकाळी तो खात्यात लावला. संध्याकाळी अ‍ॅप उघडलं तर शिल्लक ६२,०००. माझे मूळचे १४,००० आणि वर हे. त्या भरात म्हापशाच्या वायरवाल्याला २२,००० चा चेक दिला, जनरेटरवाल्याला ९,५०० चा, आणि पोरांचा पगार ११,००० यूपीआयने मोकळा केला.

गुरुवारी दुपारी ४८,००० आले तसे परत गेले. वर चेक परतीचा आकार कापला तो वेगळाच. मी तडक शाखेत गेलो आणि काउंटरवरच्या मुलीशी तासभर वाद घातला. तिचा काही दोष नव्हता. त्या तासात मी वायरवाल्याला एक फोन केला असता तर पुढचं निम्मं टळलं असतं. शुक्रवारी त्याचा चेक माझ्या खात्यावर आला आणि परत गेला. त्याच आठवड्यात टेम्पोचा हप्ताही अडकला. गुरुवारी मी ज्याचे पैसे बुडाले असा माणूस होतो, शुक्रवारी दुसऱ्याचे पैसे अडकवणारा झालो.

त्यानंतर अशी प्रकरणं मी बरीच पाहिली. काही माझी, काही आमच्या भागातल्या दुकानदारांची, एक-दोन देवस्थान समितीतल्या मित्रांची. त्यावरून जो क्रम बसला तो इथे लिहितो आहे.

‘जमा’ म्हणजे नेमकं काय

आपण चेक लावला की आपली बँक त्याचा फोटो काढून क्लिअरिंगमध्ये पाठवते. कागद आपल्याच बँकेत राहतो, प्रवास त्या चित्राचा होतो. ही चेक ट्रंकेशन पद्धत २००८ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. चित्र समोरच्या बँकेकडे जातं, ती सही, तारीख, शिल्लक बघते आणि हो किंवा नाही म्हणते. ‘हो’ येईपर्यंत खात्यात दिसणारी रक्कम बँकेने विश्वासावर मांडलेली असते. म्हणून अ‍ॅपमध्ये दोन आकडे असतात, एकूण शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक. मी पहिला बघितला, दुसरा बघितलाच नाही.

४ ऑक्टोबर २०२५ पासून ही पद्धत बदलली आहे. पूर्वी दिवसभराचे चेक एकगठ्ठा जात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येई. आता शाखेत चेक आला की तो दिवसभरात सतत पुढे जात राहतो, आणि समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार द्यायचा. दिला नाही तर चेक मंजूर धरला जातो. त्यामुळे साधा चेक परत फिरायचा असेल तर बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी कळतं. माझ्या वेळी ही सोय असती तर बुधवारी रात्रीच डोळे उघडले असते.

तरी उशिरा परत फिरणारे चेक अजून आहेत. दुपारनंतर पेटीत टाकलेला चेक त्या दिवशी जातच नाही. काही बँका ओळखीच्या ग्राहकाला चेक वटायच्या आधीच रक्कम वापरू देतात. चेक खोटा किंवा खाडाखोड केलेला निघाला तर आठवड्यांनीही वाद उभा राहतो आणि तेवढी रक्कम खात्यात रोखून ठेवली जाते. परदेशी चेकची तर गोष्टच निराळी, त्याकडे पुढे येतो.

पहिला दिवस: खात्याला पडलेलं भोक

नोंद दिसली की आधी स्टेटमेंट काढा, चेक कुणी दिला आणि का परत आला ते नंतर. तीन गोष्टी बघा: किती रक्कम परत गेली, आकार किती लागला, आणि आता खरोखर वापरता येणारी शिल्लक किती. शिल्लक उणे झाली असेल तर त्या रकमेवर व्याज चढत असतं आणि बँकेला ती वसूल करायचा हक्क असतो. पे-इन स्लिपच्या मागे ‘रक्कम वसूल झाल्यावरच जमा पक्की’ अशा अर्थाचं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आपण ते कधी वाचत नाही, पण सही केलेली असते.

मग एक कागद घ्या आणि येत्या दहा दिवसांत या खात्यातून काय काय जाणार आहे ते उतरवा. कर्जाचे हप्ते, विम्याचा प्रीमियम, म्युच्युअल फंडाची एसआयपी, वीजबिलाचं ऑटो पेमेंट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही दुसऱ्यांना दिलेले चेक. हे शेवटचं लोक विसरतात, कारण चेक दिला की हिशोब मिटला असं मन धरून बसतं. चेकबुकाचे अर्धे तुकडे बघा, तिथे सगळं असतं. (तिथे लिहिलं नसेल तर आजपासून लिहायला लागा.)

यादी झाली की दोनच मार्ग. खात्यात पैसे घालता येत असतील तर आजच घाला. दुसऱ्या खात्यातून, घरच्यांकडून, कुणाकडून तरी. ते जमत नसेल तर ज्यांना चेक दिलेत त्यांना फोन करा: ‘चेक चार दिवस लावू नका, माझा एक चेक परत आलाय.’ लाज वाटते, मान्य. पण जनरेटरवाल्याला मी असा फोन केला आणि तो ‘बरं’ म्हणाला, बस्स. वायरवाल्याला केला नाही आणि त्याचा चेक परत गेला.

इथे काहीजण शहाणपणा करून आपल्याच चेकचं पेमेंट थांबवतात. ‘शिल्लक नाही’ असा शेरा यायला नको म्हणून. त्याने सुटका होत नाही. देणं खरं असेल आणि खात्यात पैसे नसतील तर पेमेंट थांबवलेला चेकही कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटण्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केलं आहे. खातं बंद करून मोकळं होणाऱ्यांचंही तसंच.

हप्त्याबद्दल एक सूचना. कर्जाचा ऑटो हप्ता अडकला तर तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघीही दंड लावू शकतात, आणि तो उशीर क्रेडिट रिपोर्टात उतरतो. चेकसारखीच फौजदारी तरतूद या ऑटो हप्त्यांनाही आहे, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. म्हणून यादीत हप्ता सगळ्यात वर ठेवा. वायरवाला थांबतो, कर्जाचं मशीन थांबत नाही.

मेमो आणि मूळ चेक हातात घ्या

मोबाइलवरचा संदेश पुरत नाही. शाखेत जाऊन दोन गोष्टी मागा: मूळ चेक आणि चेक रिटर्न मेमो. मेमोवर चेकचा नंबर, रक्कम, तारीख, परतीचं कारण असतं. बँकेचा शिक्का किंवा अधिकृत खूण आहे ना ते तिथेच बघा. अशी खूण असलेला मेमो कोर्टात चेक न वटल्याचा पुरावा म्हणून थेट धरला जातो, विरुद्ध बाजूने खोडून काढेपर्यंत. नुसत्या प्रिंटआउटवर ‘नंतर शिक्का मारून देतो’ म्हणाले तर तिथेच खुर्चीवर बसा.

तुम्हाला मेमो कधी मिळाला ती तारीख पाकिटावर लिहा. पोस्टाने आला तर पाकीट जपून ठेवा. पुढची सगळी मुदत या तारखेवरून धावते. बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला पैसे मागणारी नोटीस पाठवायची, असं कायदा म्हणतो. संदेश आधी आला असेल आणि मेमो चार दिवसांनी, तर मी संदेशाच्या तारखेपासून मोजतो. चार दिवस कमी मिळाले तर नुकसान नाही, चार दिवस जास्त मोजले तर वकील कपाळावर हात मारतो.

आपल्याकडे चवथीला बँका दोन दिवस बंद असतात, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ डिसेंबरला मुक्तिदिन, मग नाताळ. वर्षअखेरीला परत आलेल्या चेकचा मेमो हातात पडायलाच आठवडा जातो. त्या दिवसांत शाखा उघडल्या उघडल्या पोहोचा.

कारण नीट वाचा

मेमोवर एक आकडा आणि एक वाक्य असतं. ०१ म्हणजे शिल्लक अपुरी. ०२ म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. १२ म्हणजे सही जुळत नाही. २० म्हणजे देणाऱ्याने पेमेंट थांबवलं. या चारांना मी माणसाची कारणं म्हणतो. ०१ आणि ०२ तर कायद्याच्या शब्दांतच आहेत. सही न जुळणं हे साधं तांत्रिक कारण वाटतं, पण मुद्दाम वेगळी सही करून चेक देणाऱ्यांनाही १३८ लागू होतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे.

दुसरा गट कागदाच्या कारणांचा. तारीख पुढची आहे, तारीख जुनी झाली (१ एप्रिल २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो, पूर्वीसारखा सहा नाही), अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, खाडाखोड, आणि नाव जुळत नाही. हे शेवटचं कारण गोव्यात जरा जास्तच छळतं. आपली आडनावं रोमन लिपीत दोन-दोन तऱ्हांनी चालत आली आहेत. बोरकर हे नाव कुणाच्या आधार कार्डावर ‘के’ने असतं, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या दस्तांत ‘सी’ने. नाईक, कामत, गावकर, प्रभू, सगळ्यांची तीच तऱ्हा. बँकेत खातं एका स्पेलिंगने, चेक देणाऱ्याने लिहिलं दुसऱ्या. बहुतेक वेळा बँक समजून घेते, पण मोठ्या रकमेला क्लिअरिंगमध्ये तो कागद अडकतो. त्यात लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची आणखी भर. चेक घेतानाच खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर लिहून द्या. मी आता बिलाच्या तळाशी ते छापूनच घेतलं आहे.

पाच लाख आणि त्यावरच्या चेकला आणखी एक अट येऊ शकते. १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आहे: देणाऱ्याने आपल्या बँकेला चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी कळवायची. ५०,००० पासून ही सोय असते आणि ५ लाखांपासून बँक ती सक्तीची करू शकते. फ्लॅटच्या व्यवहारात, जमिनीच्या व्यवहारात चेक घेताना ‘पॉझिटिव्ह पे भरलंत ना?’ हे विचारा.

कागदाच्या कारणाने चेक परत आला तर देणाऱ्यावर चिडू नका, नवा चेक किंवा थेट ट्रान्स्फर मागा. आणि बँकेच्या चुकीने परत आला असेल, म्हणजे स्कॅन धूसर, यंत्रणा बंद, तर आकार परत मागा. चेक परतीचा आकार ग्राहकाची चूक असेल तेव्हाच लावायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अशा तांत्रिक कारणाने परतलेला चेक बँकेने तुम्हाला न विचारता पुढच्याच क्लिअरिंगमध्ये, फार तर २४ तासांत, पुन्हा लावायचा आणि तसं कळवायचं. माझ्या एका शेजाऱ्याचे असे आकार कापलेले पैसे चार ओळींच्या अर्जावर परत आले. अर्जात त्याने फक्त मेमोवरचं कारण जसंच्या तसं लिहिलं होतं.

माणसाशी बोलणं

आपल्या गावांत देणारा आणि घेणारा एकाच देवळाच्या जत्रेत भेटणार असतात. त्यामुळे फोन पहिला, वकील नंतर. पण फोन झाला की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा: ‘आपण आज बोललो त्याप्रमाणे, अमुक नंबरचा अमुक रकमेचा चेक अमुक तारखेला शिल्लक नसल्याने परत आला. तुम्ही शुक्रवारपर्यंत रक्कम देणार आहात.’ समोरून नुसतं ‘होय’ आलं तरी मोठं काम झालं.

पैसे यूपीआयने किंवा एनईएफटीने मागा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस चालते, त्यामुळे ‘बँक बंद आहे’ ही सबब उरलेली नाही. नवा चेक घेऊ नका असं नाही, पण घेतला तर जुना परत देऊ नका. इथे बरीच माणसं फसतात. ‘हा नवा घ्या, तो जुना द्या’ म्हणतात, आपण भिडेखातर देतो, आणि नवाही परत येतो. रक्कम खात्यात पक्की दिसेपर्यंत मूळ चेक आणि मेमो आपल्याच कपाटात.

समोरच्याने थोडे पैसे दिले तर ते चेकच्या मागे तारखेसह लिहून घ्या आणि नोटीस उरलेल्या रकमेपुरतीच काढायची आहे हे डोक्यात ठेवा. अर्धे पैसे घेऊन पूर्ण रकमेचा चेक पुन्हा लावला, तर खटला तिथेच ढासळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे सांगितलं आहे.

‘चवथ झाली की देतो’, ‘सीझन सुरू झाला की देतो’, ‘नाताळाचं बुकिंग आलं की देतो’. माणूस खोटं बोलतोच असं नाही, पण या वाक्यांच्या पोटात ३० दिवस सहज विरघळतात. माझ्याकडे एक पळवाट होती. चेक तीन महिन्यांच्या आत असेल तर तो पुन्हा लावता येतो, पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो आणि ३० दिवस नव्याने सुरू होतात. पहिल्या परतीवर नोटीस काढली नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. फक्त चेकवरची तारीख बघा. लोक मागची तारीख घालून चेक देतात आणि आपल्याला वाटतं अजून दोन महिने आहेत.

नोटीस, मोजून

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ चा, त्यात चेक न वटण्याचं कलम १३८ आलं १९८८ च्या दुरुस्तीने. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ही सगळी इमारत तारखांवर उभी आहे, म्हणून उदाहरण घेऊन मोजू.

मेमो ५ जूनला मिळाला. तो दिवस सोडून ३० दिवस, म्हणजे ५ जुलैपर्यंत नोटीस निघाली पाहिजे. समजा तुम्ही लगेच पाठवली आणि समोरच्याला २० जूनला मिळाली. त्याला १५ दिवस, म्हणजे ५ जुलैपर्यंत. त्या मुदतीत पैसे आले तर गुन्हाच होत नाही. आले नाहीत तर ६ जुलैपासून एका महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. मी असतो तर ५ ऑगस्ट ही शेवटची तारीख धरून जुलैतच मोकळा झालो असतो. १५ दिवस संपायच्या आत घाईने दाखल केलेली तक्रारही टिकत नाही. उशीर झाला तर सबळ कारण देऊन कोर्टाकडून तो माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका.

नोटिशीत चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम, परतीची तारीख आणि कारण, हे देणं कशापोटी होतं, आणि १५ दिवसांत रक्कम द्या अशी स्पष्ट मागणी. रक्कम चेकवर आहे तीच (थोडे पैसे मिळून ते चेकच्या मागे लिहिले असतील तर उरलेली), रुपया इकडे-तिकडे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीत वेगळी रक्कम पडली म्हणून तक्रार टिकणार नाही असं सांगितलं. ‘टायपिंगची चूक’ हे उत्तर तिथे चाललं नाही. व्याज, वकिलाची फी मागायची असेल तर वेगळ्या ओळीत, वेगळ्या आकड्याने.

पाठवायची कशी? सगळे ‘रजिस्टर्ड एडी’ म्हणतात, पण १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकली आहे. आता स्पीड पोस्ट करताना काउंटरवर नोंदणी आणि पोचपावती जोडून मागायची. पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपा, ट्रॅकिंगची पानं नंतर पडद्यावरून नाहीशी होतात. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस समोरच्याने नाकारली किंवा घर बंद ठेवलं, तरी ती मिळाली असंच धरलं जातं.

तक्रार कुठे करायची, हा प्रश्न गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी फार सोयीचा झाला आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक तुमच्या खात्यात लावला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. ग्राहक दिल्लीचा असो, बेळगावचा असो की सावंतवाडीचा. शाखा फोंड्याची असेल तर फोंड्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट. त्याने इथे यायचं, तुम्ही तिथे नाही.

२०१८ पासून कोर्ट खटला चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं. आणि २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयात आणखी एक निकाल लागला, तो गोव्यातूनच गेलेल्या खटल्याचा आहे. सहा लाखांचा चेक, आणि आरोपीचा बचाव असा की मित्राला बँकेतून कर्ज मिळावं म्हणून मी कोरा चेक सही करून दिला होता. तो बचाव चालला नाही. त्याच निकालात न्यायालयाने समन्स तक्रारदाराच्या हस्तेही आणि ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मार्गांनीही बजावायला सांगितलं. आरोपीला सुरुवातीलाच ऑनलाइन रक्कम भरून प्रकरण मिटवता यावं, अशी सोयही करायला सांगितली. कोरे सही केलेले चेक आपल्याकडे किती सहज दिले जातात ते आठवा.

हे सगळं असूनही माझं मत: दोन-तीन हजारांच्या चेकसाठी या वाटेला जाऊ नका. वकिलाची फी आणि कोर्टाच्या तारखांना बुडालेला धंदा, यांतच ती रक्कम जाते. नोटीस मात्र पाठवा. तिचा खर्च कमी आणि परिणाम बराच. देणं कायदेशीर हवं हेही विसरू नका. देणगीचा किंवा भेट म्हणून दिलेला चेक परत आला तर १३८ लागत नाही. आमच्या जत्रेच्या वर्गणीचे दोन चेक असे परत आले. समितीने नोटिसा काढल्या नाहीत, पुढच्या बैठकीत नुसती नावं वाचली. पैसे आले.

बुकिंगचा चेक आणि ‘जास्तीचे परत करा’

खोली भाड्याने देणाऱ्यांनी, मांडव-केटरिंगवाल्यांनी हे नीट वाचावं. फोन येतो, लांबचा पाहुणा, दहा दिवसांचं बुकिंग. आगाऊ रक्कम ३०,००० ठरते. दुसऱ्या दिवशी तो ८०,००० चा चेक तुमच्या खात्यात परस्पर भरून पावतीचा फोटो पाठवतो. ‘कार्यालयाने चुकून जास्त भरले, ५०,००० लगेच यूपीआय करा, टॅक्सीवाल्याला द्यायचेत.’ अ‍ॅपमध्ये एकूण शिल्लक वाढलेली दिसते. तुम्ही पाठवता. संध्याकाळी चेक परत. ८०,००० कधी आलेच नव्हते, ५०,००० तुमचे स्वतःचे गेले.

याला एकच उत्तर: जास्तीची रक्कम चेक पक्का वटल्यावर, आणि ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. टॅक्सीवाला तोवर थांबेल. पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवायच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच असते. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग बँक.

परदेशी चेक हा आपल्या घरांतला जुना पाहुणा. जहाजावरच्या भावाचा, पोर्तुगालच्या मावशीचा, अमेरिकेतल्या भाच्याने लग्नाला पाठवलेला. काही बँका असे चेक आता घेतच नाहीत. घेतात तिथे विचारा: हा कलेक्शनला जाणार की आधीच जमा देणार? कलेक्शन म्हणजे परदेशातून पैसे आल्यावरच जमा, आठवडे लागतात, पण परत फिरण्याचा धोका फार कमी. आधी जमा दिलेली रक्कम मात्र महिन्याभरानेही मागे जाऊ शकते, आणि जाताना त्या दिवसाच्या विनिमय दराने जाते. म्हणजे रुपया घसरला असेल तर आली त्याहून जास्त रक्कम कापली जाईल. अमेरिकेत तर तिथल्या नियमांमुळे चेकचे पैसे एक-दोन दिवसांत वापरायला मिळतात, आणि तो खोटा असल्याचं नंतर आठवड्यांनी कळतं. तिकडचा नातेवाईक ‘माझ्या खात्यात जमा झाला होता की’ म्हणतो तेव्हा त्याला तेवढाच अर्थ असतो. भाच्याला सांगा, चेक नको, सरळ ट्रान्स्फर कर.

भांडण बँकेशीच असेल तर

चेक बँकेकडून हरवला, परतीची माहिती वेळेत दिली नाही, आकार चुकीचा लावला, रक्कम कारण न देता रोखली. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. तक्रार त्यांच्या सीएमएस पोर्टलवर करता येते, चौकशीला १४४४८. अर्जात गोष्ट सांगू नका, तारखा सांगा.

पतसंस्था या योजनेत येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार निबंधक. आणि पतसंस्थेच्या खात्यात तुमच्या नावाचा अकाउंट पेयी चेक लावत असाल तर लक्षात घ्या, संस्थेचं ज्या बँकेत खातं आहे ती बँक सभासदांचे असे ५०,००० पर्यंतचेच चेक वसूल करू शकते. मोठा चेक बँकेतल्याच खात्यात लावा.

माझ्या ४८,००० चं म्हणाल तर नोटीस मिळाल्यावर बाराव्या दिवशी गेस्ट हाऊसवाल्याने ३०,००० पाठवले आणि दसऱ्याला उरलेले. तुळशीच्या लग्नाला त्याने पुन्हा मांडव सांगितला, मी आगाऊ रोख घेऊन घातला. वायरवाल्याचे २२,००० मी दुसऱ्याच दिवशी म्हापशाला जाऊन हातात दिले, त्याच्या बँकेने लावलेल्या आकारासकट. त्याने चहा पाजला, चेक परत दिला. माल अजून देतो. फक्त मी चेकबुक काढलं की तो काउंटरवरचा क्यूआर कोड माझ्याकडे सरकवतो.